दिवाळीच्या सुट्टीत चार वर्षांच्या हातांना काय काम द्यावं?

ठाण्याच्या एका आईने विचारलंय. मुलगी चार वर्षांची, मुलगा साडेसहाचा. दिवाळीची जवळजवळ तीन आठवडे सुट्टी. आईबाबा दोघंही नोकरीवर. घरी आजी आहेत, पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनी हातभर. मागच्या वर्षी या बाईंनी व्हिडिओ बघून नारिंगी पानांचं झाड, कागदी भोपळा, चमकीची भेटकार्डं असा घाट घातला होता. त्या लिहितात, ‘शेवटी सगळं मीच करत बसले, मुलं टीव्हीपुढे. यंदा सोपं आणि कमी पसाऱ्याचं काही सांगा.’

बालवाडीत मला सव्वीस वर्षं झाली, त्या हिशेबाने सांगते. सोपं सांगेन. पसाऱ्याचं मात्र माझ्या हातात नाही, तो होणारच.

तुमचं चुकलं ते मुलांच्या वयात नाही आणि तुमच्या हातातही नाही. कागदी भोपळ्याचं तुमच्या घरात काही कामच नव्हतं. तो कुठे लावायचा, कशाला करायचा, हे मुलांना कळेना. मग आईला हौस आहे तर करू दे, असा विचार करून ती उठून गेली. चार वर्षांच्या मुलाला शोभेच्या वस्तूत रस नसतो, त्याला मोठ्यांच्या कामात घुसायचं असतं. दिवाळी तर कामांचाच सण. तेव्हा मी वस्तू निवडताना एकच बघते, हिला या आठवड्यात घरात काही काम आहे का? वात लावली जाते, कंदील दारात टांगला जातो, पणती पेटते, किल्ला बघायला शेजारचे येतात. या चारांत तीन आठवडे सहज जातात. रोज नवी वस्तू करायच्या फंदात पडू नका.

त्या नारिंगी पानांचंही सांगून टाकते. आपल्याकडे दिवाळीला झाडं हिरवीगार असतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली, तेव्हा पिंपळ-बदामाची पानं गोळा करायला मुलांना जरूर न्या. आत्ता आहे ती ऑक्टोबरची उन्हं, आणि हातकामाला तिचा भलता उपयोग होतो. पावसाळ्यात चार चार दिवस न सुकणारी खळ आता दुपारपर्यंत खडखडीत होते. माझी भाची कॅनडात असते. तिच्याकडे या दिवसांत मेपलची पानं खरोखर लाल होऊन दारात पडतात. ती वहीत दाबून ठेवते आणि मुलांकडून त्यांचं तोरण करून घेते. तिथे ते शोभतं. ठाण्यात त्यासाठी नारिंगी कागद कापत बसायची गरज नाही.

आता पहिलं काम, आणि तेही आजींच्या हाताखालचं. वाती.

यादीत हे बघून तुम्ही हसाल, पण बोटांना याहून चांगला व्यायाम मला सव्वीस वर्षांत सापडलेला नाही. फुलवात चार वर्षांच्या मुलीला जमते. देवकापूस घ्यायचा. बोंडातला मिळाला तर फारच छान, कारण त्यातली सरकी काढणं हाच एक सकाळभराचा खेळ होतो. चिमूटभर कापूस घेऊन तो हलक्या हाताने पुरीसारखा गोल पसरायचा. मधोमध बोट टेकवून कडा वर गोळा करायच्या, शेंडा पकडायचा आणि अंगठा-तर्जनीत पीळ द्यायचा. पीळ सुटतो. सगळ्यांचाच सुटतो. तिथे बोटाला दुधाचा किंवा पाण्याचा थेंब लावायचा, म्हणजे पीळ बसतो. पहिल्या दहा वाती मोदकासारख्या होतील, अकरावी उभी राहील. उभ्या राहिलेल्या वातीकडे ते पोर कसं बघतं ते एकदा बघाच. लांब तेलवात साडेसहाच्या मुलाला द्या. पाटावर किंवा मांडीवर तळव्याने वळायची आणि दोन्ही टोकं सारख्या जाडीची ठेवायची, हे त्याला आव्हान.

आजी खुर्चीत, मुलं समोर टेबलाशी, मधे कापसाची परात. खाली बसायचं कारणच नाही. आणि आजींना एवढंच सांगा की वाकड्या वाती बाजूला काढायच्या नाहीत. लक्ष्मीपूजनाला त्याच लावायच्या. जाड वात थोडा धूर करते, तेल जास्त पिते, बाकी काही बिघडत नाही.

हे मी एवढं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी वर्गात चोवीस आकाशकंदील करून घेतले. करून घेतले म्हणजे काय, तर कापलेही मीच आणि चिकटवलेही बहुतेक मीच. मुलांनी टिकल्या लावल्या, त्याही मी पेन्सिलने खूण केली होती तिथेच. पालकांनी वाहवा केली. घरी न्यायच्या दिवशी एक पोरगं रांगेत टांगलेल्या कंदिलांकडे बराच वेळ बघत उभं राहिलं आणि म्हणालं, “बाई, यातला माझा कुठला?” मलाही सांगता येईना. त्या दिवसापासून मी मुलांच्या हातातली कात्री काढून घेत नाही. कंदील वाकडा झाला तर वाकडाच जातो घरी.

दुसरं काम किल्ल्याचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘फ्लॅटमध्ये किल्ला कसा करणार?’ हे मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. हातभर बाल्कनी पुष्कळ झाली. फळवाल्याकडून लाकडी पेटी मागून आणा, ती पालथी घाला, खाली जुन्या पावसाळी प्लास्टिकचा तुकडा पसरा. वर दोन-तीन विटा आणि मूठभर मोठाले दगड. रोपवाटिकेतून लाल मातीची दहा-बारा किलोची एक पिशवी आणली की पुरते. माती आधी मुलांना चाळू द्या. घरातली जुनी चाळणी द्या आणि तिच्यावर पाणी सोडा, ती परत स्वयंपाकात येणार नाही. चाळण्यात अर्धा दिवस जातो. तुम्ही ऑफिसात आणि आजी खुर्चीत असताना हे काम लावून देण्यासारखं आहे.

उतार करायला किराणा दुकानातलं जुनं गोणपाट घ्या. मातीचा इडलीच्या पिठाएवढा दाट राडा करा, गोणपाट त्यात बुचकळा आणि विटा-दगडांवर अंथरा. आपोआप घड्या पडतात, कडे आणि दऱ्या तयार होतात. त्यावर मुलांनी हाताने माती लिंपायची. उन्हात ठेवलात तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, म्हणून सावलीत वाळू द्या. तरी भेगा पडल्या तर मुलांना बोलवा. ओला हात फिरवला की भेग मिटते, ही जादू त्यांना किल्ल्याहून जास्त आवडते. माझ्या वर्गातली एक मुलगी तर आधी भेगा पडायची वाट बघत बसायची.

कुठला किल्ला करायचा? लहानांसाठी मी राजगड सांगते, कारण तो हातावर समजावता येतो. टेबलावर पंजा ठेवा आणि तीन बोटं फाकवा. एक पद्मावती माची, एक सुवेळा, एक संजीवनी. मधला उंचवटा म्हणजे बालेकिल्ला. चार वर्षांच्या मुलीलाही तीन माच्या मोजता येतात. तुमच्या मुलाला पाण्यात किल्ला हवा असेल तर मोठ्या टबात मधोमध दगड मांडून सिंधुदुर्ग करा, मातीही कमी लागते. महाराष्ट्रातल्या आणि तमिळनाडूतल्या मिळून मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. राजगड आणि सिंधुदुर्ग दोन्ही त्या बारांत आहेत. साडेसहाच्या मुलाला हे सांगा, तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवेल.

हिरवळीचं गणित नीट सांभाळा, बहुतेकांचं इथे फसतं. उतारावर मोहरी टाकली की घरंगळून पायथ्याशी जमते. उतारावर अळीव लावायचे. चमचाभर अळीव अर्ध्या वाटी पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवले की बुळबुळीत होतात. तो बुळबुळीत लगदा मुलांनी बोटांनी उभ्या कड्यालासुद्धा थापायचा, तो चिकटून राहतो. सपाट माच्यांवर रात्रभर भिजवलेली मोहरी. पायथ्याशी शेत हवं असेल तर गहू किंवा मेथी. पाणी तांब्याने ओतू नका, बी वाहून जातं. फवाऱ्याची बाटली घ्या आणि ते काम धाकटीकडे द्या. ऊन कडक असलं तर पहिले दोन दिवस वर ओलं फडकं टाका. अळिवाला दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत किल्ला हिरवा होतो. म्हणजे वसुबारसेच्या साधारण पाच दिवस आधी पेरायचं. उत्साहात दहा दिवस आधी पेरलंत तर रोपं उंच वाढून आडवी होतात आणि ऐन लक्ष्मीपूजनाला किल्ला पिवळा पडतो. आमच्या वर्गात हे दोनदा झालंय, दोन्हीदा माझ्या घाईने.

तळ्याला नारळाची करवंटी पुरा, विहिरीला बाटलीचं झाकण. पायऱ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, त्या मोठ्याने करायच्या. मावळे बाजारातून आणा, त्यात कमीपणा काही नाही, फुटपाथवर मावळे निवडणं हाही सुट्टीचाच भाग आहे. पण दोन-चार तरी घरच्या मातीचे असू द्या. मातीची एक मोठी गोळी म्हणजे धड, एक छोटी म्हणजे डोकं. दोन्ही जोडायला मधे आगकाडीचा तुकडा लागतो. गुल काढलेली काडी घ्या, नाहीतर उदबत्तीची काडी मोडा. सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांत दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी करतात. माझं माहेर तिकडचं, आणि माझ्या हाताला आकार तिथेच आला. डोक्यावर घागर, पुढ्यात जातं, शेजारी गाय, सगळं चिमटीच्या मापाचं. ठाण्यात शेण कुठून आणणार, पण आजींना येत असतील तर मातीच्या गवळणी किल्ल्याच्या पायथ्याशी बसवा. शिवाजी महाराज वर, गवळणी खाली. इतिहासाच्या मास्तरांना चालणार नाही, मुलांना चालतं.

किल्ल्यावर मावळा उलटा उभा असेल, तोफ स्वतःच्याच महालाकडे रोखलेली असेल, तर हात लावू नका. विचारा. मला एकदा उत्तर मिळालं होतं, “शत्रू आत शिरलाय बाई.”

कंदील दोघांसाठी वेगवेगळे करा, कारण कात्रीच्या कामात चार आणि साडेसहा यांत फार अंतर असतं.

धाकटीसाठी फुग्याचा कंदील, त्यात कात्रीच नाही. पतंगाचा पातळ कागद तीन-चार रंगांचा आणा आणि तो तिला फाडू द्या. फाडणं हीसुद्धा कला आहे. दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींजवळ धरल्या तर तुकडा हवा तसा फाटतो, लांब धरल्या तर भलतीकडे जातो. खळ घरी करा. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, रंग पारदर्शक होऊ लागला की उतरवा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. बाइंडरकडे ठीक आहे ती. तुमची मुलगी बोटं चाटणार आहे, मोरचूद विषारी असतं, तेव्हा तो विचारही नको.

फुगा मध्यम फुगवा, वाटीवर बसवा, बोटाने खळ लावत कागदाचे तुकडे चिकटवा. तीन थर. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही, म्हणजे हे तीन दिवसांचं काम. आणि वाळायला फुगा उन्हात ठेवू नका. मी आधी उन्हाचं कौतुक केलं खरं, पण उन्हात फुग्यातली हवा फुलते आणि कागद वाळायच्या आत फुगा फुटतो. एकदा ओळीने सात फुटले, वर्गात फटाके वाजल्यासारखे. पंख्याखाली ठेवा. चौथ्या दिवशी टाचणीने फुगा फोडा आणि रबराचे तुकडे लगेच उचलून कचऱ्यात टाका, ते लहानांच्या घशात अडकू शकतात. तोंडाशी कागद गोल कापून घ्या, दोन भोकं पाडा, दोरा ओवा. वर्तमानपत्र वापरू नका, उजेड आत कोंडून राहतो.

मोठ्यासाठी कापायचा कंदील. आयताकृती जाड कागद लांबीत दुमडायचा. उघड्या कडेपासून दोन बोटं सोडून पेन्सिलने रेघ मारायची. दुमडलेल्या कडेपासून त्या रेघेपर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर काप द्यायचे, कागद उघडायचा, नळी करून चिकटवायचा. वरून जरा दाबला की पट्ट्या बाहेर फुगतात. खाली झिरमिळ्या. कापताना त्याला एवढंच सांगा, अंगठा वर राहिला पाहिजे आणि कागद फिरवायचा, कात्री नाही. सरावाला जुन्या लग्नपत्रिका द्या, त्या जाड असल्याने कात्रीखाली वाकत नाहीत. गणपतीचा फोटो असलेलं पान आधी काढून आजींकडे द्या, नाहीतर कामापेक्षा वाद जास्त होईल.

धाकटीलाही कात्री हवीच असेल. बोथट टोकाची द्या आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या द्या, एका कचक्यात तुकडा पडेल अशा. सरळ रेघेवर कापायला अजून थोडा वेळ आहे.

दोन्ही कंदिलांत बॅटरीचा छोटा एलईडी दिवाच ठेवायचा. पणती किंवा मेणबत्ती नाही, ‘फक्त फोटोपुरती’ म्हणूनसुद्धा नाही.

पणत्यांबद्दल फार सांगायला नको. बाजारातून साध्या मातीच्या आणा, रात्रभर पाण्यात बुडवा, उन्हात वाळवा. धूळ जाते, रंग धरतो. बाहेरून गेरू, आणि तो सुकल्यावर कापसाच्या काडीने पांढऱ्या पोस्टर रंगाचे ठिपके. आतून आणि वात टेकते त्या चोचीला रंग नाही. तेल थोडं पाझरतं, खाली जुनी ताटली ठेवा. पणत्या पेटवायचं काम मोठ्यांचं, वात घालायचं मुलांचं.

रांगोळी मात्र चार वर्षांच्या मुलीला मी विकतची देत नाही. ती दगडाची बारीक पूड असते, मूल फुंकर मारतं, नाकातोंडात जाते. तांदळाची पिठी द्या. मुंग्या येतील, येऊ देत. दसऱ्याच्या तोरणातले सुकलेले झेंडू टाकले नसतील तर उत्तम. फुलं कुस्करून पाकळ्या एकीकडे करा, आणि आतल्या काळ्या काड्यांसारख्या बिया, ज्यांना फिकट शेपटी असते, त्या दुसरीकडे. पाकळ्या रांगोळीत भरा, बिया कुंडीत पेरा. आठवडाभरात रोपं दिसतील.

विकत काय आणू, असंही तुम्ही विचारलं आहे. पतंगाचे कागद, गेरू, पोस्टर रंगाची एक पांढरी बाटली, बोथट कात्र्या, माती, पन्नास ग्रॅम अळीव, देवकापूस. चमकी नको, ती डोळ्यात जाते आणि होळीपर्यंत गाद्यांतून निघत राहते. कुंदनचे खडे आणि मणी धाकटी अजून तोंडात घालत असेल तर नकोच. ‘सर्व साहित्य आत’ असे तयार संचही नको, त्यात मुलांना करायला फक्त चिकटवणं उरतं.

आणि वेळ. तुम्ही दोघं संध्याकाळी सातला घरी येता. पाऊण तासाचा बेत आखू नका, वीस मिनिटं धरा. धाकटी दहाव्या मिनिटाला उठून गेली तर जाऊ द्या, ती परत येते. एका दिवशी एकच काम. आज माती चाळायची, उद्या राडा, परवा गोणपाट. दिवसा आजींकडे वाती आणि फवाऱ्याची बाटली. अर्धवट काम टेबलावर तसंच पडून राहू द्या, जेवणं दोन दिवस ओट्याशी झाली तरी चालतील.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवता आला तर ठेवा. मोडायच्या दिवशी रडारड होते, म्हणून मोडायचं कामही मुलांनाच द्या. मावळे धुऊन, कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात. डब्यावर मोठ्याच्या अक्षरात साल. माती कुंड्यांत, झेंडूच्या रोपांना. गोणपाट झटकून गच्चीवर वाळवा, पुढच्या वर्षी लागेल.